अनुजाची शाळा

वाडीहून परत येईपर्यंत गाडीत शाळेचा विषय कुणी काढला नाही.

नृसिंहवाडीला जायचं हंबीररावांनी ठरवलं होतं. धाकटा लेक अमरसिंह एप्रिलात बायको-पोरींना घेऊन जर्मनीला निघालाय, तर त्याआधी सगळ्यांना दत्ताच्या पायावर घालून आणू, एवढंच ते म्हणाले होते. पण थोरली सून पद्मजा या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली होती. सासरे सगळ्यांना घेऊन देवाला गेले, की परत आल्यावर त्यांना काहीतरी सांगायचं असतं, हे तिला पाठ झालं होतं. रानाची वाटणी त्यांनी जोतिबाहून आल्यावर सांगितली होती. जुनं घर पाडून हा बंगला बांधायचंही तसंच.

कारखान्याचा हंगाम ऐन भरात होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मळीचा वास येत होता आणि रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या. पद्मजा खाली बसून विळीवर वाडीची वांगी चिरत होती. शेजारी अनुजा लसूण सोलत बसली होती. अमरसिंह आणि स्वप्नालीची ही थोरली मुलगी, तेरा वर्षांची. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. दोघींचं बोलणं निघालं की या घरात स्वयंपाकाला उशीर व्हायचा, कारण बोलायला हात मोकळे लागायचे.

अनुजानं लसूण खाली ठेवला. ओठांवर बोटानं मिशीला पीळ दिला, म्हणजे आजोबा. मग हातानं विचारलं, "काय सांगणार आहेत?"

पद्मजानं विळी बाजूला सारली. "मला काय माहीत," तिनं हातानं सांगितलं.

अनुजा तिच्या तोंडाकडं बघत राहिली. हातांनी खोटं बोलता येतं, तोंडाला ते तेवढं जमत नाही, आणि या पोरीला तोंडं वाचायची सवय होती. पद्मजानं पुन्हा विळी ओढली.

तिला माहीत होतं. काल रात्री झोपताना तिचा नवरा विजयसिंह म्हणाला होता, "अनु हितंच ऱ्हाणार. तुझ्याजवळ. आबा उद्या सांगतील, तू आपली काय बोलू नको." एवढं सांगून तो कुशीवर वळून घोरायला लागला. पद्मजाला मात्र झोप लागली नाही. वरची हवेशीर खोली अनूला द्यायची, तिथं अभ्यासाला मोठं टेबल करून घ्यायचं, असलं काय काय तिच्या मनात येत राहिलं. स्वतःचं मूल तिला झालं नव्हतं. अनू दोन वर्षांची असताना डॉक्टरांनी कानांचं सांगितलं, तेव्हा स्वप्नालीला बँकेत लागून वर्षही झालं नव्हतं. पोरीला घेऊन कर्णबधिरांच्या शाळेत रोज जायचं कुणी, हा प्रश्न पद्मजानं आपणहून सोडवला होता. तिथंच बाकावर बसून ती पोरीच्या बरोबरीनं खुणांची भाषा शिकली. त्या पोरीवर आपला काही हक्क आहे असं तिनं कधी कुणाला म्हटलं नव्हतं. काल रात्री पहिल्यांदा मनातल्या मनात म्हटलं, आणि पहाटे पहाटे तिच्या ध्यानात आलं की, या सगळ्यात स्वप्नालीचा विचार आपल्या मनात एकदासुद्धा आला नाही.

"पद्मजा," बाहेरून सासऱ्यांची हाक आली. "समद्यास्नी बलीव. आन ती बर्फी पण आण वाडीची."

*

हंबीरराव दूधसंस्थेच्या कमिटीवर वीसेक वर्षं होते. तिथं ते एक गोष्ट शिकले होते, ठराव आधी करायचा आणि मीटिंग मागनं घ्यायची. मीटिंगमध्ये ठरवायला बसलं की वेळ जातो आणि माणसं दुखावतात. आजचा ठराव दोन्ही लेकांबरोबर गेल्या आठवड्यात रानात उभं राहून झाला होता.

कोचावर धाकटी सून स्वप्नाली बसली होती. तिच्या मांडीला टेकून आठ वर्षांची अवंतिका, अनुजाची धाकटी बहीण, बर्फी खात होती. विजयसिंह दाराशी खुर्ची घेऊन बसला. अमरसिंह खिडकीशी उभा. पद्मजा ताट ठेवून भिंतीला टेकली. अनुजा आत लसूण सोलत होती, तिला हाक मारून उपयोग नव्हता, आणि उठून बोलवायला कुणी गेलं नाही.

"तर आता असं हाय," हंबीरराव म्हणाले. "अमरच्या कंपनीनं सोय चांगली केल्याली हाय. घर देणार, अवंतीला इंग्रजी शाळा देणार. तिचा नंबर लागलाय. जूनपर्यंत बस्तान बसंल तुमचं. आन अनु हितं ऱ्हाईल आमच्याजवळ. तिची शाळा हाय, पद्मजा हाय. मे म्हयन्यात, दिवाळीत तुम्ही येणारच की."

स्वप्नालीनं अवंतिकाच्या केसांतून फिरणारा हात थांबवला.

"कुणी ठरवलं हे?"

"आम्ही तिघांनी."

"आणि मी?"

"तुला आत्ता सांगतोय की."

हंबीररावांना वाटलं होतं, ती रडेल. रडणाऱ्या बाईला काय सांगायचं ते त्यांनी तयार ठेवलं होतं. ती रडली नाही. ती नवऱ्याकडं वळली.

"तुम्ही मला म्हणालात, शाळा अजून अनूचा विचार करतीय."

अमरसिंह खिडकीबाहेर बघत म्हणाला, "डिसेंबरातच नाही म्हणाले. त्यांच्याकडं तसले शिक्षक नाहीत."

"डिसेंबरात. आणि अवंतीचं?"

"अवंतीचं हो म्हणून कळवलंय."

"कधी?"

"तेव्हाच."

दोन महिने स्वप्नाली बँकेतून आल्यावर अनुजाला जर्मनीचा नकाशा दाखवत होती. थंडीचे कपडे दोघींच्या मापाचे घेतले होते. हा माणूस शेजारी बसून सगळं बघत होता आणि कोणता रंग घ्यायचा तेही सांगत होता.

"तिथं दुसरी शाळा नाही?" तिनं विचारलं. "एवढ्या मोठ्या देशात बहिऱ्या पोरी नसतात व्हय?"

अमरसिंहनं भावाकडं बघितलं. विजयसिंह मदतीला आला. "हाय एक, पर ती लांब हाय. अमरच्या हापिसापासनं दुसऱ्याच गावात. तिथं ऱ्हायाचं म्हटलं तर कंपनीचं घर सोडाय लागतंय. त्या गावात इंग्रजी शाळा न्हाय, म्हंजी अवंतीला जर्मन शाळंत घालायचं. आन अमरनं रोज आगीनगाडीनं जाऊन-येऊन तीन तास घालवायचे. बरं, आपल्याकडच्या खुणा तिथं चालत न्हाईत म्हणं. तिथल्या येगळ्या. म्हंजी अनूला पयल्यापासनं शिकाय लागणार. एका पोरीपायी दुसरीचं वाटोळं कशाला करायचं, तूच सांग."

"म्हणजे शाळा आहे," स्वप्नाली म्हणाली.

"आता हाय म्हटलं तर..."

"दादा, मी एवढंच विचारत होते. शाळा नाही म्हणून अनूला ठेवायचं, असं नाही. शाळा आहे, पण गैरसोय आहे म्हणून ठेवायचं."

"शब्दात धरू नको," हंबीरराव म्हणाले. "पोरीच्या भल्याचंच बोलतोय आम्ही. परक्या देशात मुकी पोर घेऊन कुठं फिरणार तू? हितं मानसं हाईत तिची."

दोघी सुना सासऱ्यांना लग्नापासून मामाच म्हणायच्या. दोघींच्या माहेरची ती रीत होती. "मामा," स्वप्नाली शांतपणे म्हणाली, "एक विचारू? तेरा वर्षांत अनूशी तुम्ही काय बोललाय?"

"म्हंजी?"

"एखादं बोलणं सांगा. जेवलीस का, एवढं सोडून."

नात हंबीररावांना प्यारी होती. तिला गाडीवर पुढं बसवून त्यांनी सगळं बावडं गाव हिंडवलं होतं. जत्रेतून तिला बांगड्या आणल्या होत्या. पण बोलणं म्हणून विचारलं तर त्यांना खरोखर एकही आठवेना, आणि त्याचा त्यांना राग आला.

"तुझ्या तोंडाला लागायला न्हाय बसलो मी हितं."

स्वप्नाली तोपर्यंत भिंतीकडं वळली होती. "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

पद्मजानं पदर हातावर गुंडाळला. "काल रात्री कळलं."

"आणि आज दिवसभर माझ्याशेजारी गाडीत बसला होता तुम्ही."

"हो."

"बरोबर आहे. तुम्हाला पाहिजेच होतं हे."

अकरा वर्षं दोघी जावांमध्ये जे बोललं गेलं नव्हतं, ते आता बोलून झालं होतं. स्वप्नाली बँकेतून यायची, तेव्हा पोर पद्मजाच्या मांडीवर बसून दोन्ही हातांनी दिवसाची हकीकत सांगत असायची, इतक्या भराभर, की आईला अर्धंच कळायचं. मग पद्मजा उरलेलं सांगायची. स्वतःच्या पोरीचं बोलणं जावेच्या तोंडून ऐकायचं, हे स्वप्नालीनं अकरा वर्षं सोसलं होतं. आभारही मानले होते, अगदी मनापासून. पण ते दुखणं जागेवरच होतं.

"पाहिजे होतं," पद्मजा म्हणाली. "खोटं कशाला बोलू."

*

अमरसिंहला त्या डिसेंबरातल्या संध्याकाळची आठवण नको होती, पण ती आलीच. इंग्रजी शाळेच्या बाईंनी संगणकावर मुलाखत घेतली होती. शेजारी अनुजा नवा फ्रॉक घालून बसलेली. बाईंनी विचारलं, मुलगी बोलते का? तो म्हणाला, थोडं थोडं. अनुजानं त्याच्या ओठांकडं बघितलं, मग पडद्यावरच्या बाईंकडं बघून दोन्ही हातांनी ऐसपैस काहीतरी सांगायला लागली. त्यानं टेबलाखालून तिचा हात धरून खाली घेतला. त्याला स्वतःलाही ते कळलं नाही, हात आपोआप गेला. अनुजानं नंतर काही विचारलं नाही. शाळा नाही म्हणाली तेव्हा त्याला वाईट वाटलं आणि त्याच्या मागोमाग हायसंही वाटलं. आबांनी रानात विषय काढला तेव्हा त्यानं मान डोलावली होती. वहिनी आपल्यापेक्षा चांगलं सांभाळतात, हे तर सगळं गाव म्हणायचं.

"स्वप्नाली, ऐकून तर घे," तो म्हणाला. "एक वर्ष जाऊ दे. आपण तिथं रुळू, मग तिला..."

दिवाणखान्यातला दिवा गेला.

बाहेर तिन्हीसांज झाली होती. खोलीत कुणाचं तोंड दिसेना. पुन्हा उजेड आला तेव्हा अनुजा दाराशी बटणावर हात ठेवून उभी होती. ती केव्हापासून तिथून बघत होती, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शाळेत वर्गाचं लक्ष वेधायला तिच्या बाई असाच दिवा घालवायच्या. तिच्या बोटांना लसणाची सालं चिकटली होती. तिनं आधी आजोबांकडं पाहिलं, मग वडिलांकडं, आणि तिचे हात हलायला लागले.

"काय म्हणती?" हंबीररावांनी विचारलं.

पद्मजा भिंतीपासून पुढं आली. पोरीच्या शेजारी, तिचे हात दिसतील अशी उभी राहिली. शाळेतल्या बाईंनी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, दुसऱ्याचं बोलताना 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही. तिच्या जागी उभं राहायचं आणि 'मी' म्हणायचं. त्यात आपलं काही घालायचं नाही, आणि काही काढायचं नाही.

"आजोबांचं तोंड मला वाचता येत नाही, मिशी आहे," पद्मजा म्हणाली. अवंतिका खुदकन हसली. "पण आईचं येतं. काकांचं येतं. मघापासून सगळ्यांच्या ओठांवर माझं नाव आहे आणि मला कुणी बोलावलं नाही."

"बाळा, आता सांगणारच हुतो," विजयसिंह म्हणाला. अनुजानं त्याच्याकडं बघितलं आणि हात वर करून त्याला थांबवलं.

"माझं आधी ऐका," पद्मजाच्या तोंडून आलं. "ती दुसऱ्या गावातली शाळा मला माहीत आहे. मी केव्हाच शोधली. तिथले व्हिडिओ मी रोज बघते. तिथल्या गणिताच्या बाई स्वतः बहिऱ्या आहेत. फळ्यापुढं उभ्या राहून हातांनी शिकवतात, आणि मोठ्या मुली त्यांच्याशी वाद घालतात. इथल्या माझ्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांना ऐकू येतं. बहिरी बाई मी कधी बघितली नाही. मला त्या बाई पाहिजेत."

"खुणा येगळ्या हाईत म्हणावं तिथं," हंबीरराव पद्मजाला म्हणाले.

पद्मजानं ते हातानं सांगितलं. अनुजानं खांदे उडवले. "माहीत आहे. शिकीन. मोठी आई शिकली, ती तर मोठी होती." मग ती वडिलांकडं वळली. हात थोडे सावकाश झाले, त्याला कळावं म्हणून. "तिथं गेल्यावर तुम्हाला पण काही कळणार नाही, बाबा. दुकानात, गाडीत, रस्त्यावर, सगळे बोलतील आणि तुम्ही नुसते त्यांच्या तोंडाकडं बघाल. आईचं पण तसंच. अवंतीचं पण. मला त्याची सवय आहे. कसं राहायचं ते मी तुम्हाला शिकवीन."

अमरसिंह कोचाच्या हातावर बसला. हे सावकाश सांगितलेलं त्याला पद्मजा बोलायच्या आधीच कळलं होतं, निदान थोडंफार.

मग अनुजाचे हात पुन्हा भराभर चालायला लागले. एकदा तिनं हनुवटीला दोन बोटं लावली. तिथं पद्मजाला तीळ होता, आणि घरात त्या खुणेचा अर्थ 'मोठी आई' असा होता. स्वप्नालीनं ती खूण पाहिली. पुढच्या खुणाही पाहिल्या. यावेळी तिला सगळ्या कळल्या. तिनं मान वळवून जावेच्या तोंडाकडं बघितलं.

पद्मजा थांबली होती.

ते बोलणं खोलीत त्या दोघींनाच कळलं होतं. त्यातलं एक वाक्य गाळलं असतं, नुसतं मऊ केलं असतं, तरी हंबीररावांना आणि त्यांच्या लेकांना कधीच कळलं नसतं. स्वप्नालीला ते ठाऊक होतं. ती बघत राहिली.

"काय म्हटली?" विजयसिंहनं विचारलं.

पद्मजानं पदर सोडला. "मी मोठ्या आईजवळ राहणार नाही," ती म्हणाली. आवाज सरळ ठेवायला तिला कष्ट पडत होते. "मोठी आई माझं सगळं बोलते. दुकानात तीच बोलते, दवाखान्यात तीच. मी काहीतरी सांगायला हात उचलते आणि लोक तिच्याकडं बघतात. इथं राहिले तर मी म्हातारी होईपर्यंत तिच्या तोंडानं बोलीन. माझं तिच्यावर प्रेम आहे, पण मी राहणार नाही. ठेवलंत तर मी जेवणार नाही, शाळेत जाणार नाही, आणि कुणाशी बोलणार नाही. तुम्हाला त्याचा फरक पडणार नाही, पण तिला पडेल."

अनुजाचे हात खाली आले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं ते पुसलं नाही आणि नजरही खाली घेतली नाही.

कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटली.

*

पहिल्यांदा हंबीररावच बोलले. "बारकी पोर हाय. तिला काय कळतंय. हट्ट करतात पोरं." त्यांनी पद्मजाकडं बघितलं. "तू समजाव तिला. तुझं ऐकती ती."

"आत्तापर्यंत तिचं सांगत होते, मामा," पद्मजा म्हणाली. "आता माझं सांगते. मी तिला ठेवून घेणार नाही."

"काय?" विजयसिंह खुर्चीतून उठला. "अगं, काल तर..."

"काल मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत आणि झोपलात. विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, तेही खरं आहे. पण आता मी ऐकलंय, आणि ते माझ्याच तोंडानं सांगितलंय. अनूला इथं ठेवायचं तर माझ्या जिवावर ठेवायचं होतं, मागं राहणाऱ्या दुसऱ्या कुणाला तिच्याशी चार शब्द बोलता येत नाहीत. मी सांभाळणार नाही म्हटल्यावर तुमचा ठराव राहिला कुठं?"

"माझ्या घरात मला ठराव शिकवू नको," हंबीररावांचा आवाज चढला. "अमर, तू बोल. का बायकांनीच चालवायचं सगळं?"

अमरसिंह हातांकडं बघत होता. "आबा, तीन तास रोजचा प्रवास म्हणजे..."

"ताईंनी किती वर्षं केला?" स्वप्नालीनं मधेच विचारलं. मघाशी जावेशी बोलताना जो आवाज होता, तो आता नवऱ्याकडं वळला होता. "अनूला कडेवर घेऊन केएमटीच्या बसनं जायच्या. शाळा सुटेपर्यंत तिथं बाकावर बसून राहायच्या. पावसात, उन्हात, तापात. कडेवर मावेना तेव्हा हात धरून. त्यांना कुणी कधी तास विचारले? त्यांची तर पोटची पोर पण नव्हती." ती उठून पद्मजाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. "मी सांगते काय ते. शाळेच्या गावात घर बघायचं. अवंती तिथल्या साध्या शाळेत जाईल. तुम्ही गाडीनं कामावर जा. जमत नसेल तर एकटे जर्मनीला जा, मी माझी नोकरी सोडत नाही. राजीनामा अजून दिलेला नाही मी."

"अवंतीचं नुकसान होतंय त्यात," विजयसिंह म्हणाला. "तिला कोण विचारणार?"

अवंतिकानं बर्फीचा तुकडा गिळला. "मला ताईच्या शाळेत घेतील?"

"न्हाय बाळा, तुला ऐकू येतंय."

"मग तिच्या शेजारच्या शाळेत," ती म्हणाली, आणि तिच्या मते प्रश्न संपला.

अमरसिंह उठला. थोरल्या लेकीसमोर येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षं घरातल्या मोजक्या खुणांवर त्यानं भागवलं होतं, जेव, झोप, चल, थांब. आता त्याला जे सांगायचं होतं त्यासाठी त्याच्याकडं खुणाच नव्हत्या. तिचा हात आपण टेबलाखाली दाबला होता, हे तिला आठवतंय हे त्याला दिसत होतं. त्यानं वहिनींकडं बघितलं, त्या बोलतील म्हणून. पद्मजा हलली नाही. मग त्यानं स्वतःच प्रयत्न केला. इंग्रजी शाळा, तिच्यावर काट. उद्या. मी. घर, आणि मग 'तुझ्या शाळेजवळ' हे कसं दाखवायचं ते त्याला येईना. त्यानं दोन्ही मुठी एकमेकींना टेकवल्या.

अनुजानं मान हलवली. त्याची बोटं धरून उघडली, तळहात सरळ केले, आणि 'जवळ' कसं म्हणायचं ते दाखवलं. त्यानं पुन्हा करून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा दुरुस्त केलं. तिसऱ्या वेळी तिनं हात सोडला.

"म्हंजी तुझं पण ठरलं," हंबीरराव म्हणाले.

"ठरलं, आबा. उद्या सकाळी त्या शाळेला नाही म्हणून कळवतो. कंपनीशी घराचं बोलतो. नाही म्हणाले तर बघू."

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला. धाकटा लेक, दोन्ही सुना आणि नात, सगळ्यांनी मिळून आपला शब्द खाली पाडला होता, तोही वाडीहून आल्याच्या दिवशी. कुठंतरी तो राग उतरायलाच हवा होता. तो सगळ्यात जवळच्या माणसावर उतरला.

"जाऊ देत सगळी," ते पद्मजाला म्हणाले. "पर तू काय करणार मागं? ही पोर हुती म्हणून या घरात तुझ्या हाताला काम हुतं. आता काय, भिंतीशी बोलणार हैस?"

"आबा," विजयसिंह म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात बापाला ताकीद होती.

पद्मजानं नवऱ्याला हातानं थांबवलं. ती थोडी पांढरी पडली होती, पण तिनं भिंत सोडली होती आणि ती पुन्हा तिला टेकली नाही.

"शाळेत जाणार," ती म्हणाली. "अनूच्याच. बाई तीन वर्षं मागं लागल्यात, लहान वर्गाला माणूस पाहिजे, तुम्ही या. मीच नाही म्हणत होते. घरी अनू येणार, तिला गरम जेवण पाहिजे, मामांना चहा पाहिजे. आता जूनपासून जाते. अशी आठ-दहा पोरं आहेत तिथं, ज्यांच्या घरात एकालासुद्धा त्यांच्याशी बोलता येत नाही. त्यांच्या आयांना पण बसवीन बाकावर. बापांना पण. माझ्या तोंडावर कुणाला जगायला लागू नये, एवढं मी आज शिकले."

"आन हितलं जेवण?"

"सकाळचं करून जाईन. संध्याकाळचं तुम्ही दोघं बाप-लेक बघा. मी विचारत नाही, मामा. सांगतेय."

विजयसिंहनं बापाकडं बघितलं नाही. त्यानं वाकून बर्फीचं ताट उचललं आणि आत घेऊन गेला. त्या घरात पुरुषानं ताट उचलून आत नेलेलं पद्मजानं पहिल्यांदा पाहिलं.

अनुजा या सगळ्यात तिच्या तोंडाकडं बघत होती. बरंचसं तिनं वाचलं होतं, सगळं नाही. तिनं भुवया उंचावून विचारलं. पद्मजा तिच्यासमोर बसली. दोघींचे हात चालायला लागले. पद्मजानं काहीतरी लांबलचक सांगितलं, मधेच थांबली, पुन्हा सांगितलं. अनुजानं एकदा जोरानं मान हलवली, एकदा तिच्या गालाला लसणाचा हात लावला, आणि मग अचानक दोघी हसायला लागल्या. स्वप्नालीही हसली, तोंडावर पदर धरून. तिला कळलं होतं.

हंबीरराव तिघींकडं आळीपाळीनं बघत होते.

"काय म्हटलं तिला?" त्यांनी विचारलं. मग ते थेट सुनेला म्हणाले, "पद्मजा, काय सांगितलंस पोरीला?"

पद्मजा उठली. विळीवरची वांगी काळी पडली असतील, हे तिच्या ध्यानात आलं आणि ती स्वयंपाकघराकडं निघाली. उंबऱ्याशी ती क्षणभर वळली.

"विचारा की तिलाच," ती म्हणाली.